सोलोन हरला होता का?

प्राचीन ग्रीसचा विषय निघाला की एक वाद हमखास पेटतो: लोकशाहीचा जनक कोण, अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन की त्याच्या मागून आलेला सुधारक क्लाइस्थेनिस? मध्यंतरी एका अभ्यासमंडळात तो पुन्हा ऐकला आणि तो पुन्हा त्याच आडवाटेने गेला. एक बाजू सोलोनच्या गळ्यात लोकशाहीचा हार घालत होती. दुसरी विचारत होती, ज्याच्या सुधारणांनंतर पस्तीस वर्षांच्या आत अथेन्स एका माणसाच्या मुठीत गेलं, त्याला थोर कायदेकर्ता कसं म्हणायचं? भांडण जोरात होतं, पण दोघांची मोजपट्टी एकच होती. कायदा करणाऱ्याचं यश त्याच्या मागून आलेल्या राजवटीवरून ठरवायचं, हे दोघांनीही धरून चाललं होतं. मला ही मोजपट्टीच मान्य नाही. सोलोनने लोकशाही आणली नाही आणि ती आणण्याचा त्याचा विचारही नव्हता. मात्र त्याने दोन गोष्टी अशा केल्या की पुढे सत्ता कोणाच्याही हाती गेली तरी त्या पुसता आल्या नाहीत. कर्जापायी गहाण पडणारं नागरिकाचं शरीर त्याने सोडवलं, आणि दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाची दाद मागण्याचा हक्क कोणाही नागरिकाला दिला. क्लाइस्थेनिसला जे अथेन्स मिळालं, ते या दोन गोष्टींनी घडवलेलं होतं.

सोलोनच्या आधीचं अथेन्स डोळ्यांपुढे आणायला हवं. सत्ता मूठभर कुलीन घराण्यांकडे. जमीन थोड्यांच्या हातात, आणि ती कसणारी कुळं उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा धन्याला देत. त्यांना ‘षष्ठांशी’ अशा अर्थाचं नावच पडलं होतं. हिस्सा थकला की माणूस आणि त्याची मुलंबाळं धनकोच्या ताब्यात, कारण कर्जाला तारण असे ते कर्जदाराचं शरीर. कित्येकांना परमुलखात विकलं गेलं. इ.स.पू. ६३२ च्या सुमारास किलोन नावाच्या ऑलिम्पिक विजेत्याने, शेजारच्या मेगाराच्या सत्ताधीशाच्या या जावयाने, अ‍ॅक्रोपोलिस ही शहराची गढी ताब्यात घेऊन सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. तो फसला, आणि देवतेच्या आश्रयाला गेलेल्या त्याच्या साथीदारांना अभयाचं वचन मोडून मारण्यात आलं. खुनाचा बदला खुनाने घेणाऱ्या घराण्यांच्या त्या शहरात हा डाग अनेक पिढ्या गेला नाही.

त्यानंतर आला ड्रॅको, इ.स.पू. ६२१ मध्ये. त्याच्याविषयी बहुतेकांना एकच वाक्य माहीत असतं: त्याने आपले कायदे शाईने नव्हे, रक्ताने लिहिले. हे वाक्य डेमाडेस नावाच्या वक्त्याचं, म्हणजे ड्रॅकोनंतर जवळपास तीनशे वर्षांनी उच्चारलेलं. ड्रॅकोच्या इतर कायद्यांत क्षुल्लक चोरीलाही मृत्युदंड होता असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, आणि ते कायदे सोलोनने रद्द केले. पण मनुष्यवधाचा कायदा त्याने तसाच ठेवला. इ.स.पू. ४०९-४०८ मध्ये अथेन्सने तो संगमरवरावर पुन्हा कोरला, आणि तो दगड आजही अथेन्समधल्या शिलालेखांच्या संग्रहालयात आहे. काय आहे त्यावर? रक्ताची तहान तर मुळीच नाही. एखाद्याने हेतू नसताना कोणाला मारलं तर शिक्षा देशत्यागाची. निवाडा एक्कावन्न जणांच्या मंडळाने करायचा. मृताचा बाप, भाऊ, मुलगे या सगळ्यांनी एकमताने मान्य केलं तर मारणाऱ्याला माफी. एकाचाही विरोध असला तर माफी नाही. जवळचं कोणीच उरलं नसेल तर त्या एक्कावन्नांनी निवडलेल्या बिरादरीतल्या दहा जणांनी ठरवायचं. हेतू पाहायचा, मध्ये न्यायमंडळ बसवायचं, सुडाला दार लावून तडजोडीला वाट ठेवायची: हे सगळं त्या ‘रक्तात लिहिलेल्या’ कायद्यात आहे. एका वक्त्याची चमकदार उक्ती आपण शतकानुशतकं घोकतो आणि उभा असलेला दगड वाचत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

ड्रॅकोच्या कायद्यात एक मर्यादा होती, आणि सोलोनचं मोठेपण तिथेच समजतं. खुनाची दाद मागायची ती मृताच्या नातलगांनी. ज्याला भाऊबंद आहेत, त्याला न्याय. एकट्यादुकट्याचं काय? कर्जात बुडालेल्या कुळाला त्याच्या धन्याविरुद्ध कोण उभं करणार?

सोलोन इ.स.पू. ५९४ मध्ये आर्खॉन, म्हणजे वर्षभराचा मुख्य अधिकारी, म्हणून निवडला गेला. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी त्याला मध्यस्थ मानलं होतं. त्याने पहिली गोष्ट केली ती कर्जाची. ग्रीक भाषेत तिला ‘भार झटकून टाकणं’ असं नाव आहे. कर्जं रद्द झाली, आणि यापुढे माणसाच्या शरीराच्या तारणावर कर्ज देण्याला बंदी आली. तो स्वतः कवी होता, आणि त्याच्या कवितांचे काही तुकडे शिल्लक आहेत. त्यातल्या एकात, काळाच्या न्यायालयात तो साक्षीला कोणाला बोलावतो? देवांची थोर माता असलेल्या काळ्या धरित्रीला. तिच्या अंगात ठिकठिकाणी रोवलेले हद्दीचे दगड मी उपटले, पूर्वी ती दासी होती, आता मोकळी आहे, असं तो म्हणतो. ‘काळी आई’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत या ओळींना टिपेची गरज नाही. पुढे तो सांगतो, परमुलखात विकल्या गेलेल्या कित्येकांना मी परत आणलं. ते इतकी वर्षं इतके देश भटकले होते की त्यांच्या जिभेवर अथेन्सची अ‍ॅटिक बोली उरली नव्हती. स्वतःच्या सुधारणांचा हिशेब मांडताना एक राज्यकर्ता परतलेल्या माणसांच्या हरवलेल्या बोलीचा उल्लेख करतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट कमी नाट्यमय, पण माझ्या मते अधिक खोल. जो कोणी इच्छील तो, अन्याय झालेल्या माणसाच्या वतीने, खटला भरू शकेल. नातं नको, घराणं नको, स्वतःचं नुकसान झालेलं नको. आणि अधिकाऱ्याचा निकाल मान्य नसेल तर लोकांच्या न्यायसभेकडे अपील. कोणतं शहर राहायला सर्वांत चांगलं, असं कोणी विचारल्यावर सोलोन म्हणाला होता, जिथे अन्याय न झालेले लोकही अन्याय झालेल्यांइतक्याच हिरिरीने अन्याय करणाऱ्याला शासन करू पाहतात ते. ही गोष्ट प्लुटार्कने नोंदवली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, कायद्याचा आशय तिने अचूक पकडला आहे. शेजाऱ्याची दुखापत ही माझी बाब झाली, की प्रजेचं नागरिकांत रूपांतर सुरू होतं.

आता विरोधी बाजूकडे येऊ, कारण तिचे मुद्दे हलके नाहीत.

सर्वांत जड मुद्दा अर्थातच हुकूमशाहीचा. सोलोन दहा वर्षांसाठी देश सोडून गेला, आणि पाचव्या वर्षीच भांडणामुळे आर्खॉन निवडता आला नाही. पुढे दमासियस नावाचा आर्खॉन दोन वर्षं दोन महिने खुर्चीला चिकटून बसला आणि त्याला बळाने हटवावं लागलं. इ.स.पू. ५६१ च्या सुमारास पिसिस्ट्रॅटसने स्वतःलाच जखमा करून घेतल्या, शत्रूंनी हल्ला केला असं भासवून लोकसभेकडून अंगरक्षक मिळवले आणि त्यांच्या जोरावर अ‍ॅक्रोपोलिस घेतली. दोनदा हाकलला जाऊन इ.स.पू. ५४६ मध्ये तो कायमचा बसला, आणि त्याच्या मुलाला, हिप्पियसला, हटवायला ५१० उजाडलं. ज्याच्या राज्यघटनेवर एवढं सगळं घडलं, ती घटना कसली, हा प्रश्न रास्तच आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा ग्रंथ तर हुकूमशाहीच्या काळात सोलोनचे कायदे वापराविना लोपले होते, असंही एके ठिकाणी म्हणतो. हे मी लपवणार नाही.

पण त्याच ग्रंथात दुसरी नोंद आहे. पिसिस्ट्रॅटसवर एकदा खुनाचा आरोप झाला, तेव्हा तो अ‍ॅरिओपागस या खुनाचे खटले चालवणाऱ्या न्यायमंडळापुढे स्वतः हजर राहिला. आरोप करणाराच घाबरून आला नाही. आता यातली भीती पाहा, तशीच हजेरीही पाहा. सगळी सत्ता हातात असलेल्या माणसाला न्यायमंडळापुढे जाऊन उभं राहण्याची गरज का वाटावी? ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो की या घराण्याने शहराचे आधीचे कायदे चालू ठेवले, फक्त अधिकाराच्या जागांवर आपला माणूस असेल याची काळजी घेतली. अथेन्सच्या बाजारचौकातल्या उत्खननात आर्खॉनांच्या यादीचा एक तुकडा सापडला. त्यात लागोपाठच्या वर्षांत हिप्पियस, क्लाइस्थेनिस आणि मिल्टियाडीस यांची नावं वाचता येतात. म्हणजे हुकूमशहाच्या मुलालाही वर्षभराचं आर्खॉनपद रीतसर भूषवावंसं वाटत होतं, आणि प्रतिस्पर्धी घराण्यांनाही ते द्यावं लागत होतं. सत्ता बळकावली गेली होती हे खरं, पण बळकावणाऱ्याला सोलोनच्या चौकटीचं सोंग वठवावं लागलं. कर्जापायी नागरिकाला विकण्याची प्रथा तर या घराण्यानेही परत आणली नाही. उलट पिसिस्ट्रॅटस गरीब शेतकऱ्यांना स्वतः कर्ज देई आणि गावोगावी न्यायाधीश पाठवी. सोलोनने घातलेल्या रेषेच्या मागे जाणं त्यालाही परवडणारं नव्हतं.

शिवाय अंगरक्षक दिले कोणी? लोकसभेने. म्हातारा सोलोन तेव्हा जिवंत होता आणि त्याने लोकांना कवितेतून झोडपलं: तुमच्याच नादानपणाने हे भोगताय, देवांना बोल लावू नका, या माणसांना मोठं तुम्हीच केलंत. कायदा लिहिला की काम संपलं, असा त्याचा स्वतःचाही भ्रम नव्हता.

आणि टिकाऊपणा हीच कसोटी असेल, तर मग मुकुट स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याला द्या ना! थ्युसिडिडीजच्या हिशेबाने स्पार्टाची व्यवस्था चारशेहून अधिक वर्षं अखंड चालली, तिथे एकही सत्ता बळकावणारा झाला नाही. पण ती चालली कशाच्या जोरावर? हेलॉट म्हणवणाऱ्या, जमिनीला जखडलेल्या जनतेच्या पाठीवर. दरवर्षी नवे अधिकारी आले की आपल्याच राज्यातल्या या लोकांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांच्यातला कोणी मारला तरी पाप लागू नये. लायकर्गसने कायदे लिहूनही ठेवू दिले नाहीत, असं परंपरा सांगते. न हलणारं राज्य आणि न्यायी राज्य यांत फरक करता येत नसेल, तर कायदेकर्त्यांची तुलना करायचीच कशाला?

क्रीटमधल्या ड्रेरॉस या छोट्या नगरराज्याने इ.स.पू. सातव्या शतकात देवळाच्या भिंतीवर एक नियम कोरला: एकदा ‘कोस्मोस’ या सर्वोच्च पदावर बसलेला माणूस दहा वर्षं पुन्हा त्या पदावर येऊ शकणार नाही, आला तर त्याने दिलेल्या निवाड्यांची दुप्पट भरपाई त्यालाच करावी लागेल. यावरून काही अभ्यासक म्हणतात की त्या काळचे लेखी कायदे म्हणजे उमरावांनी एकमेकांना घातलेले लगाम, सामान्यांशी त्यांचा संबंध नाही. ड्रेरॉसपुरतं हे पटण्यासारखं आहे. पण ‘जो कोणी इच्छील तो’ ही शब्दयोजना उमरावांच्या आपसातल्या तहात कशाला हवी होती? तिथे तर प्रत्येकाला आपला वादी आणि प्रतिवादी तोंडपाठ असतो.

पुराव्याचा मुद्दाही घेतो. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचे वक्ते आपल्याला हवा तो कायदा सोलोनच्या नावावर खपवत. इ.स.पू. ४११ आणि ४०४ मध्ये लोकशाही उलथवणारे ‘पूर्वजांची घटना’ परत आणतो म्हणत होते, आणि ४०३ मध्ये लोकशाही परत आणणाऱ्यांनीही सोलोनच्याच कायद्यांची कास धरली. मग खरा सोलोन कसा शोधायचा? अथेन्सच्या घटनेवरचा तो ग्रंथ तर इजिप्तमध्ये, शेतीच्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीवर लिहिलेला मिळाला आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून सोलोनने नेमलं असं सांगितल्या जाणाऱ्या चारशेंच्या मंडळासारख्या वादग्रस्त गोष्टींवर मी माझा युक्तिवाद उभा करत नाही. पण कर्जमुक्तीची साक्ष सोलोनच्या स्वतःच्या ओळींत आहे, आणि ‘नीच आणि थोर दोघांसाठी सारखेच कायदे मी लिहिले’ हेही त्याचेच शब्द आहेत. त्याच्या नावावर इतकं खपवलं गेलं, याचंही कारण विचारावं लागेल. दोन्ही टोकांच्या पक्षांना त्याचंच नाव का लागावं?

एका आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अथेन्सचा नागरिक गुलामीतून सुटला तेव्हा श्रमाची गरज संपली नव्हती. ती बाहेरून विकत आणलेल्या गुलामांनी भागवली. ग्रीसमध्ये स्वातंत्र्य आणि गुलामगिरी हातात हात घालून वाढली, असं इतिहासकार मोझेस फिन्ली यांनी बजावलं, आणि ते खोडता येत नाही. लॉरियॉनच्या चांदीच्या खाणींत खपलेल्या माणसांना काळ्या धरित्रीच्या त्या ओळींनी काय दिलं? काहीच नाही. स्त्रियांनाही या स्वातंत्र्यात वाटा नव्हता. ही किंमत मांडल्याशिवाय सोलोनची स्तुती करणं मला अप्रामाणिक वाटतं. त्यावरून सोलोनचं काम मात्र निरर्थक ठरत नाही. ज्या रेषेच्या आत त्याने माणसाला विक्रीयोग्य वस्तू मानायचं नाकारलं, ती रेषा फार थोड्यांभोवतीच आखली गेली होती. अशी रेषा आखता येते हे मात्र त्याने दाखवलं.

आणि त्याच्या ‘नेमस्तपणा’वर तोंडसुख घेणाऱ्यांना मला विचारायचं आहे, दुसरी वाट कोणती होती? गरिबांना जमिनीचं फेरवाटप हवं होतं, श्रीमंतांना जुनं सगळं हवं होतं. लोक त्याला हसत होते, देवाने हातात दिलेली सत्ता यानेच नाकारली, जाळ्यात मासा आला आणि याला जाळं ओढता आलं नाही म्हणून. लेस्बॉसवरच्या मिटिलेनीत त्याच सुमारास पिटाकसला लोकांनी निवडून सर्वाधिकार दिले आणि दहा वर्षांनी त्याने ते परत केले. त्याचं कौतुक आहेच, पण तो एका माणसाच्या भलेपणावर खेळलेला जुगार होता. सोलोनने तो खेळ टाळला. ‘कुत्र्यांच्या घोळक्यातल्या लांडग्यासारखा मी चहूकडे वळत उभा राहिलो,’ असं तो लिहितो. काठावर बसलेल्या माणसाची ही भाषा आहे का?

या सगळ्याची परीक्षा झाली ती इ.स.पू. ५०८ मध्ये. क्लाइस्थेनिसचा प्रतिस्पर्धी इसागोरस याने स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस याला बोलावलं. क्लाइस्थेनिस शहराबाहेर निघून गेला. सातशे कुटुंबं हाकलली गेली. मग क्लिओमेनिसने शहराचं मंडळ बरखास्त करायला घेतलं, आणि मंडळाने साफ नकार दिला. राजा आणि इसागोरस अ‍ॅक्रोपोलिसवर चढून बसले. लोकांनी त्यांना दोन दिवस वेढा घातला; तिसऱ्या दिवशी स्पार्टाचं सैन्य तह करून निघून गेलं. पुढारी हजर नसताना हे घडलं. १३९ गावं-वस्त्यांची आणि दहा नव्या गणांची रचना, पाचशेंचं मंडळ, हे सगळं क्लाइस्थेनिसचं श्रेय, ते निर्विवाद त्यालाच. पण ती रचना अंमलात येण्याआधीच हे लोक वेढा घालून उभे होते. शहरावरचा अन्याय ही आपली बाब आहे हे त्यांना कोणी शिकवलं होतं?

क्लाइस्थेनिसच्या या काळाविषयी लिहितानाच जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराने ‘संवैधानिक नैतिकता’ ही कल्पना मांडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रोटचा तो उतारा वाचून दाखवला. ही नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं ते म्हणाले. म्हणूनच कारभाराचे तपशीलही घटनेत घालावे लागले, कायदेमंडळावर सोडून भागणार नव्हतं, हा त्यांचा युक्तिवाद होता. ग्रोटने श्रेय क्लाइस्थेनिसच्या पिढीला दिलं. मला ते जवळपास नव्वद वर्षं मागे, सोलोनपर्यंत न्यावंसं वाटतं. जोपासना म्हटली की पेरणीचं साल वेगळं आणि कापणीचं वेगळं, आणि मधल्या वर्षांत शेत उजाड दिसतं म्हणून पेरणाऱ्याला हरलेला ठरवायचं नसतं.

राहिला मालमत्तेचा मुद्दा. सोलोनने नागरिकांचे चार वर्ग पाडले ते शेतीच्या उत्पन्नावर: पाचशे मापं, तीनशे, दोनशे, आणि त्याखालचे थेटेस. मोठी पदं वरच्यांना, थेटेसांना फक्त लोकसभा आणि न्यायसभा. ही समता नव्हे, हे उघड आहे. पण जन्म बदलता येत नाही आणि उत्पन्न बदलतं. कुळाच्या जागी धान्याचं माप आलं, तेव्हा शिडीला पायऱ्या आल्या. इ.स.पू. ४५७ मध्ये तिसऱ्या वर्गालाही आर्खॉनपद खुलं झालं. चौथ्यासाठी मात्र बंदी उठवणारा कायदा कधी झालाच नाही. चौथ्या शतकात पदासाठी चिठ्ठी टाकायला आलेल्या माणसाला अधिकारी अजूनही विचारी, तू कोणत्या वर्गातला? आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरचा तो ग्रंथ सांगतो की ‘थेटेस’ असं उत्तर कोणीही देत नसे.